नमुन्याची बाटली

“पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी ही बाटली घरात दिसायला नको, आणि ही मुलगी माझ्यासमोर दिसायला हवी. डोळ्याचा दाब मोजायचाय.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या, म्हणून मराठीत बोलल्या. देविकाने दोनदा मान हलवली, “हो मॅडम” म्हटलं आणि मला पर्समध्ये टाकलं. दवाखान्याच्या दारापर्यंत तिच्या लक्षात ‘पंधरा दिवस’ होते. रिक्षात बसेपर्यंत त्याचे ‘पंधरा-वीस दिवस’ झाले. दाबाचं तर ती विसरूनच गेली. डोळ्याला कसला आलाय दाब? दाब असतो तो रक्ताला, नाहीतर कुकरला.

मित्रांनो, मी त्या दिवशीची ती बाटली आहे. आता जुनी झालेय, रिकामी आहे. उंचीला तुमच्या करंगळीएवढी. एके काळी माझ्या पोटात डोळ्यांत घालायचं औषध होतं, आता नुसती हवा आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुतेक एकच रडगाणं गातात. आम्हाला वापरलं, मग विसरले, अडगळीत टाकलं. माझी तक्रार उलटी आहे. मला कोणी विसरलंच नाही. वेळेवर विसरले असते तर फार बरं झालं असतं.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिकचा एक गोळा, त्यात यंत्राने मारलेली फुंकर, की झाले मी तयार. माझ्यासारख्या हजारो बहिणी पट्ट्यावरून रांगेत चालल्या होत्या. आमच्यात दुधासारखं औषध भरलं गेलं, टोपण बसलं, अंगावर कागद चिकटला. कागदावर मोठ्या अक्षरात औषधाचं नाव होतं आणि त्याखाली एक लाल चौकट. चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. ती चौकट मला फार आवडायची. एवढ्याशा अंगावर तेवढाच काय तो दागिना, असं मला वाटायचं.

मी देविकाच्या घरी आले तेव्हा तिची मुलगी ऋचा सहा वर्षांची होती. वडील जयसिंग लष्करात हवालदार, जवानांना नेमबाजी शिकवणारे. मूळ गाव साताऱ्याकडचं, पण तेव्हा ते राजस्थानातल्या एका छावणीत राहत होते. तिथली धूळ ऋचाच्या डोळ्यांना सोसेना. पोर रात्रंदिवस डोळे चोळायची. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दुपारी डोळे लालभडक. उजेडात यायला नको म्हणून ती खुर्चीखाली बसून डबा खायची.

डॉक्टरीणबाईंनी मला दिलं आणि तिसऱ्या दिवशी ऋचा उड्या मारत अंगणात गेली.

“मम्मी, आज एक बार भी खुजली नहीं हुई!”

ऋचाला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदीच बाहेर पडते. देविकाने तिची हनुवटी धरून डोळे पाहिले. पांढरेशुभ्र, धुतलेल्या शिंपल्यांसारखे. जयसिंगने मला दोन बोटांत धरून वर उचललं आणि म्हणाला, “ही बाटली नव्हं, तोफ आहे तोफ!”

खरं सांगते, तेव्हा मी फुशारले होते. वस्तूला कौतुक फार लवकर चढतं.

सोळावा दिवस उजाडला. माझ्या तळाशी थोडं औषध उरलं होतं. देविकाने मला कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं आणि तिथूनच परत आणलं. आपल्या घरांतून गुण आलेलं औषध कोण टाकतं? “असू दे, अगदीच लागलं तर,” असं ती स्वतःशी म्हणाली. पुन्हा दाखवायला जायचं होतं, पण त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. लखनऊ.

लष्करातल्या घरांची बदली कशी असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. काळ्या पेट्या निघतात, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने आकडे पडतात. कुठल्या पेटीत काय, याची यादी होते. देविकाची यादी तर सगळ्या युनिटच्या बायका नमुना म्हणून मागायच्या. ऋचाच्या औषधाची चिठ्ठी असलेली फाईल तिने स्वतः अकरा नंबरच्या पेटीत ठेवली, यादीत लिहिली, कुलूप लावलं. मी मात्र पर्समध्येच राहिले. प्रवासात लागले तर!

लखनऊ छावणीतल्या क्वार्टरमध्ये पेट्या मागच्या खोलीत एकावर एक रचल्या गेल्या. अकरा नंबर सगळ्यात खाली गेली, तिच्यावर गाद्यारजयांची, तिच्यावर भांड्यांची. मार्च आला, वारा सुटला, कडुलिंबाचा मोहोर रस्त्यावर सांडायला लागला आणि ऋचाचे डोळे पुन्हा चुरचुरू लागले. माझ्यातले उरलेले थेंब एका दिवसात संपले. इथेच खरं तर माझी गोष्ट संपायला हवी होती.

देविकाला पेट्या उतरवायच्या नव्हत्या. युनिटच्या दवाखान्यात गेली असती तर कागद मागितले असते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं, सकाळ गेली असती. औषध तर माहीत होतं. म्हणून ती भाजी आणायला निशातगंजच्या बाजारात गेली तेव्हा एका औषधाच्या दुकानाशी थांबली आणि मला काउंटरवर उभं केलं.

“भैया, ये वाली मिलेगी?”

दुकानदाराने मला उचललंही नाही. लांबूनच पाहिलं. “मिलेगी, भाभीजी। एक दूँ कि दो?”

अशी मी नमुन्याची बाटली झाले. चिठ्ठी पेटीत आणि मी पर्समध्ये. दर महिन्याला मला काउंटरवर ठेवायचं आणि माझ्यासारखीच भरलेली बहीण घरी न्यायची. माझ्या बहिणी भरून यायच्या, रिकाम्या होऊन जायच्या. त्यांना देविका न चुकता टाकून द्यायची. मी मात्र खास होते. मला कुणी टाकत नव्हतं.

मला धरताना देविकाचा अंगठा नेमका लाल चौकटीवर यायचा. किल्ल्या, रुमाल, सुटी नाणी यांच्यात घासून घासून माझ्या कागदाचा रंग उडत चालला. सगळ्यात आधी ती चौकटच गेली. नाव तेवढं राहिलं. मित्रांनो, जे सांगायला मला जन्म दिला होता त्यातलं अर्धंच माझ्या अंगावर उरलं, आणि ते अर्धं पुरेसं आहे असं सगळ्यांना वाटत राहिलं.

तुम्ही म्हणाल, देविका अडाणी असेल. मुळीच नाही. ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, पहिल्या वर्गात. बिस्किटाच्या पुड्यावर काय काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुडा घरात येत नसे. ऋचाच्या स्वेटरचं बटण सैल झालेलं तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसायचं. एकदा तिने फोनवर माझं नाव टाकून शोधलंही होतं. ‘स्टेरॉइड’ हा शब्द वर आला. ती जरा थबकली. मग स्वतःलाच म्हणाली, पोटात घेतलेलं वेगळं, हे तर नुसतं डोळ्यात, दोन थेंब. फोन पालथा ठेवून ती पोळ्या लाटायला गेली. त्या वेळी मी तिथेच टेबलावर होते. मला तोंड असतं तर, असं मी अजून म्हणते. पण तोंड होतंच की मला. बारीकसं, थेंब पडण्यापुरतं.

साताऱ्याहून सासूबाईंचा, लताबाईंचा, फोन यायचा. त्यांनी एकदा विचारलंच.

“अगं, पोरीच्या डोळ्यात रोज रोज काय घालतीयास? औषध म्हंजे काय पाणी हाय व्हय? त्यापरीस काजळ घाल की साजूक तुपातलं.”

देविका फोन ठेवून हसली. “काजळ म्हणे!” सासूबाईंच्या बोलण्यातलं दुसरं अर्धं चुकीचं होतं, म्हणून पहिलं अर्धही तिने त्याच्यासोबत फेकून दिलं.

एक वर्ष गेलं. मग दीड वर्ष होत आलं. ऋचाचे डोळे पांढरेशुभ्रच होते. पण ती दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायला लागली. खाली ठेवलेल्या भाजीच्या टोपलीत पाय घालायची. स्टुलाला अडखळायची. “लक्ष कुठं असतं गं तुझं?” हे वाक्य त्या घरात दिवसातून चारदा ऐकू यायचं. एकदा तिच्या धक्क्याने दुधाचं पातेलं कलंडलं, तेव्हा देविकाने तिच्या पाठीत धपाटा घातला. ऋचा रडली नाही. नुसती बघत राहिली आणि म्हणाली, “मम्मी, वो वहाँ था ही नहीं।”

आणखी एक गोष्ट. संध्याकाळी दिवा लागला की ऋचा म्हणायची, “देखो, बल्ब के चारों तरफ रंगोली है।” देविकाला केवढं कौतुक वाटलं! पोरीने चित्र काढलं, दिव्याभोवती रंगीत कडी. ते फ्रिजवर चिकटवलं गेलं. शेजारच्या कल्पनाला देविकाने ते मुद्दाम दाखवलं. कल्पना अकोल्याची, तिचे यजमान त्याच युनिटमध्ये. “कवी होणार बघ ही,” कल्पना म्हणाली होती.

जयसिंग सारखा कॅम्पवर असायचा; या वेळी दोन महिने सरावाला गेला होता. परत आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीबरोबर चेंडू खेळायला अंगणात उतरला. समोरून टाकलेला चेंडू ऋचा नीट झेलायची. बाजूने टाकलेला तिच्या कानाशी आपटायचा आणि मग ती दचकायची. जयसिंगने चेंडू खाली ठेवला. तिला भिंतीकडे बघत उभं केलं, स्वतः डावीकडे जाऊन दोन बोटं वर केली.

“सांग, बोटं किती?”

“कौन सी बोटं?”

तो एक पाऊल पुढे आला. मग आणखी एक. जवळजवळ तिच्या समोर आल्यावर ती म्हणाली, “हाँ, दो!”

जयसिंग घरात आला. आवाज अगदी खालचा. “देविका, हिला बाजूचं दिसत नाही.”

“काहीतरीच काय! डोळे बघा तिचे. आहेत का कुणाचे इतके स्वच्छ?”

“डोळे स्वच्छ आहेत गं. तिला दिसत नाही म्हणतोय मी.”

त्याच दिवशी ते हॉस्पिटलमध्ये गेले. डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम पिकल्या केसांच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी ऋचाची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यांत उजेड टाकला, दाब मोजला. पुन्हा मोजला. मग खुर्ची मागे सरकवून देविकाकडे वळल्या.

“बच्ची को कोई ड्रॉप डालती हैं?”

मी देविकाच्या पर्समध्येच होते. तिने पर्स छातीशी घट्ट धरली होती.

“नहीं... मतलब, कभी-कभार। महीने में एकाध बार।”

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. असं एकाध वेळच्या थेंबाने होत नाही, हे त्यांना ठाऊक असणार. त्या दुसऱ्याच कुठल्या तरी तपासण्या कागदावर लिहू लागल्या. डोक्याचा फोटो काढायचं काहीतरी बोलत होत्या. तेवढ्यात ऋचा म्हणाली, “नहीं मम्मी, रोज़ डालते हैं ना! सुबह ब्रश के बाद, और शाम को कार्टून से पहले। वो बोतल आपके पर्स में ही तो है।”

 मॅडमनी हात पुढे केला. देविकाने मला बाहेर काढलं आणि त्यांच्या तळव्यावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी नीट डोळ्यांजवळ धरून पाहिलं, आणि मला वाटलं, आता जमिनीत जावं.

“इस पर तो कुछ बचा ही नहीं है,” मॅडम म्हणाल्या. “कितने महीने?”

देविका पर्सची चेन लावू लागली.

“बेटा, मुझे डाँटना नहीं है। सही-सही बताओगी तो इलाज सही होगा।”

“अठारह महीने।”

जयसिंग दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली आणि आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

मग मॅडमनी ऋचालाच समजावून सांगितलं. तुम्हीही ऐका, मित्रांनो. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून ते बाहेर जात असतं. माझ्या पोटातलं औषध खाज पटकन थांबवतं, पण काही जणांच्या बाबतीत ते फार दिवस घातलं तर ती जाळी तुंबते. पाणी साचतं. दाब वाढतो. डोळ्याच्या मागे एक नस असते, दिसलेलं सगळं मेंदूला पोचवणारी. दाबाखाली ती हळूहळू मरते. दुखत नाही, लाली येत नाही. आधी कडेकडेचं दिसणं जातं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. दिव्याभोवती दिसणारी रंगीत कडी ही त्याचीच खूण असू शकते.

फ्रिजवरचं ते चित्र देविकाच्या डोळ्यांपुढे आलं असावं. तिने खुर्चीचा हात धरला.

“इसको काला मोतिया कहते हैं,” मॅडम म्हणाल्या.

काळा मोतिया म्हणजे काचबिंदू, एवढं देविकाला माहीत होतं. “पर वो तो बूढ़ों को होता है ना?”

“बूढ़ों को उम्र से होता है। बच्चों को कभी-कभी हमारे हाथ से हो जाता है।”

‘आपके’ नाही म्हणाल्या त्या, ‘हमारे’ म्हणाल्या. देविका त्या एका शब्दाला धरून घरी आली.

मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, तेही लपवत नाही. जेवढी नजर उरलीय ती सांभाळता येईल. जी गेली ती परत येणार नाही. डाव्या डोळ्याची जास्त गेली होती, उजव्याची थोडी.

घरी आल्यावर जयसिंगने बूट काढून ठेवले. मग म्हणाला, “मला एकदा विचारायचं होतंस.”

“तुम्ही होता कुठं विचारायला?”

“तेही खरंच.” तो उठून मागच्या खोलीत गेला. एकेक पेटी उतरवत त्याने अकरा नंबर बाहेर काढली. चिठ्ठी जशीच्या तशी होती. तिच्यावर डॉक्टरीणबाईंच्या हाताने दोनदा अधोरेखित केलेलं होतं: पंधरा दिवस. त्याने ती देविकाच्या समोर ठेवली नाही. परत फाईलमध्ये घातली. न दाखवलेली चिठ्ठी तिने पाहिली होतीच.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगते. माझ्या जातीचं औषध मॅडमनी बंद केलं. दाब कमी करणारे नवे थेंब सुरू झाले. खाजेसाठी दुसरं साधं औषध, थंड पाण्याच्या पट्ट्या, बाहेर पडताना टोपी आणि चष्मा. आता देविका प्रत्येक बाटलीवर उघडल्याची आणि टाकायची तारीख पेनने लिहायची. दर काही आठवड्यांनी दाब मोजायला जायचं, मग पाऊस असो की पाहुणे असोत.

ऋचाने मात्र आपलं आपणच शिकून घेतलं. वर्गात ती डावीकडच्या ओळीत बसायला लागली, म्हणजे फळा आणि सगळ्या मैत्रिणी उजवीकडे येतात. रस्ता ओलांडताना नुसती नजर न फिरवता अख्खं डोकं फिरवायची. जिना उतरताना कठड्याला हात. एका मुलाने तिला “उल्लू, उल्लू” म्हणून चिडवलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “उल्लू को अँधेरे में दिखता है। तुझे तो दिन में भी अपनी नाक का शेंबूड नहीं दिखता!” हिंदी बोलणारी पोर, पण ऐन वेळी शेंबूड मराठीच आठवला. देविका खिडकीत होती. तिला हसू आलं, आणि लगेच तोंडावर पदर घ्यावा लागला.

कारण देविकाला लाज सोडत नव्हती. शाळेला तिने चिठ्ठीत लिहिलं, ‘डोळ्यांचा थोडा त्रास आहे.’ सासूबाईंना फोनवर सांगितलं, ‘चष्मा लागलाय.’ ऋचा चौकटीला धडकली की आता ती रागवत नसे. उलट धावत जाऊन तो खांदा चोळत बसायची, इतका वेळ की पोर कंटाळून म्हणायची, “मम्मी, बस करो यार।” पाठीत घातलेला तो धपाटा देविकाच्या हाताला अजून लागत होता. मला तिने पर्सच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात ढकललं होतं. फेकायचं धाडस नाही, बघायचंही नाही.

एक दिवस कल्पना आली. दारातूनच म्हणाली, “अगं देविका, ते तुझं जादूचं औषध कोणतं गं? माझ्या भाच्याचे, बाळकृष्णचे, डोळे आलेत असे लाल. नाव सांग, आत्ताच मागवते.”

“ते... आता मिळत नाही,” देविका म्हणाली.

“अय्या, बंद झालं का? बरं, दुकानात विचारते. निशातगंजला घेतेस ना तू?” आणि कल्पना जिना उतरू लागली.

देविका दार लावून उभी राहिली. मी पर्समध्ये खुंटीवर. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग दार धाडकन उघडलं. ती अनवाणी जिना उतरत गेली, जाता जाता खुंटीवरून ओढलेली पर्स खांद्याला. फाटकाशी तिने कल्पनाला गाठलं आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, सगळं सांगितलं. अठरा महिने. काचबिंदू. डॉक्टरांशी बोललेलं खोटं. सगळं.

कल्पना ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, देविका बघा, किती हुशार!”

“माहितीय.”

“माहितीय काय? एवढी शिकलेली तू...” कल्पना थांबली. देविकाचे धुळीने भरलेले पाय तिला दिसले असावेत. “चल वर. चहा टाक. नको, मीच टाकते, तू आधी पाय धू.”

बाळकृष्णला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. साधी साथ होती, आठवड्यात बरी झाली. पण चहा पिता पिता कल्पनाने जे विचारलं, त्यासाठी मी तुम्हाला ही गोष्ट सांगते आहे.

“आणखी कुणाला सांगितलं होतंस का हे औषध?”

देविकाने कप खाली ठेवला. होळीच्या आधी निशातगंजच्या त्या दुकानात गर्दी होती. एक बाई शेजारी उभी होती, कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, मुठीने डोळे चोळणारी. त्या बाईने माझ्याकडे पाहून विचारलं होतं, “दीदी, आपकी बच्ची को भी यही था? इससे आराम है?” देविकाने मला वर धरलं. बाईने फोन काढून माझा फोटो घेतला. शहराच्या टोकाला चिनहटला राहते म्हणाली, नवरा तिकडच्या कारखान्यात आहे, डॉक्टर लांब पडतो. आणि देविका तिला म्हणाली होती, “बेफिक्र डालिए। कुछ नहीं होता।”

मित्रांनो, दीड वर्षं मी काउंटरवर उभी राहिले, पण त्या फोटोएवढी लाज मला कशाचीच वाटत नाही. मी टाकली जाईन, वितळेन. तो फोटो कुठे कुठे गेला असेल कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी देविकाने सासूबाईंना फोन करून खरं सांगितलं. लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्या बाईला गाठ आधी. माझ्याशी काय बोलत बसलीयास.” देविका पुढचे चार शनिवार त्या दुकानासमोर उभी राहिली. दुकानदार म्हणाला, “भाभीजी, ऐसे तो रोज़ पचास आती हैं।” तिने त्यालाही ऐकवलं, चिठ्ठीशिवाय देता कसे म्हणून. तो म्हणाला, “आप ही तो माँगती थीं।”  एका रविवारी ती आणि जयसिंग मोटरसायकलवरून चिनहटला गेले. कारखान्यांच्या फाटकांशी थांबून विचारलं. पण काय विचारणार? नाव ठाऊक नाही. पिवळा फ्रॉक तर आता आखूडही झाला असेल.

म्हणून तिने मला अजून टाकलेलं नाही. माझ्याकडून तुम्हाला निरोप द्यायचाय तिला. मी विष नाही, मित्रांनो, हे आधी सांगते. डॉक्टर मोजून देतात तेव्हा मी डोळे वाचवतेही. कुणी घाबरून आपल्या मनाने मला बंदही करू नका, तेही डॉक्टरांनाच विचारा. पुढचं बोलणं देविकाचं आहे, तिच्याच शब्दांत.

“तिचं नाव मी विचारलं नाही. ती चिनहटलाच असेल, नाहीतर कामामागे दुसऱ्या गावी गेली असेल, कदाचित तुमच्याच गल्लीत. मुलगी आता पाच-सहा वर्षांची असेल. तिचे डोळे लाल नसतील, म्हणून फसू नका. स्वच्छ असतील, फार स्वच्छ. अशी कुणी मुलगी, मुलगा, म्हातारं माणूस तुमच्या ओळखीत असेल तर त्यांच्या घरी जा. विचारा, हे थेंब किती दिवस घालताय? दाब कधी मोजला? आई चिडेल, मीही चिडले असते. चिडू दे. तिला सांगा, ती दुकानातली बाई चुकली होती. उद्या नको. आज जाऊन या.”